हेडाऊबाई थांबल्या होत्या

हेडाऊबाई फोनवर कधी ‘हॅलो’ म्हणत नसत. ‘कोण?’ एवढंच विचारत, आणि तेही असं की समोरच्याला आपण खरंच कोण आहोत याची क्षणभर शंका यावी. मोठ्या साहेबांचा फोन असला तरी ‘कोण?’, घरून नवऱ्याचा आला तरी ‘कोण?’

नागपूरच्या पूर्वेकडच्या एका वीज उपकेंद्रात त्या ऑपरेटर होत्या. मी त्या भागाचा अभियंता, म्हणजे त्यांचा साहेब. उपकेंद्राचं नाव लिहीत नाही, कारण जे झालं त्यात दोष जागेचा नव्हता. कंपनीला जे सांगायचं ते मी सही करून वेगळं लिहून दिलं आहे. त्याचं कंपनी काय करते ते करो. इथे मला बाईंबद्दल लिहायचं आहे.

आमचं काम माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. लाइनमन खांबावर चढतात त्याआधी उपकेंद्रातून त्या लाइनीचा पुरवठा बंद करून घेतात. काम संपलं की टोळीचा मुख्य माणूस फोन करतो, ‘माणसं उतरली, लाइन सुरू करा’, आणि ऑपरेटर पॅनेलवरची मूठ फिरवून पुरवठा चालू करतो. नियम एवढाच. बाईंनी त्यात स्वतःचा एक नियम घातला होता. त्या मुख्य माणसाचा शब्द घेत नसत. ‘सगळ्यांचा आवाज ऐकवा,’ म्हणत. तेव्हा टोळीत एखाद्याच्याच खिशात मोबाइल असे. तो हातोहात फिरे. प्रत्येकानं आपलं नाव सांगायचं आणि आज डब्यात काय आणलं ते सांगायचं. शेवटचा आवाज ऐकल्याशिवाय बाईंचा हात पॅनेलकडे जात नसे.

मी नवा बदलून आलो तेव्हा हा प्रकार पाहून मला वाटलं, बाई कामाच्या वेळी गप्पा मारतात. मी म्हणालो, “बाई, डब्याची चौकशी जेवणाच्या सुट्टीत करा.”

“नावं तर कोणीही सांगते, साहेब,” त्या म्हणाल्या. “डबा ज्याचा त्यालेच माहीत राहते.”

त्यांचं म्हणणं मला कळलं ते बबनराव कोहळ्यांमुळे. बबनराव आमच्या टोळीचे मुख्य लाइनमन. उंच, मिशीवाले, कामात पक्के आणि घाईचे. बाईंशी त्यांचं कधी पटलं नाही. एकदा टोळीतला शेषराव चहाला गेला होता. बबनरावांनी वाट पाहण्यापेक्षा स्वतःच नाकातून आवाज काढून फोनवर सांगितलं, “शेषराव. डब्यात वांग्याची भाजी.”

मी पलीकडे खुर्चीवर बसलो होतो. बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

“बबनराव, आवाज मस्त काढता गा तुम्ही. झाडीपट्टीत नाटकात काहून नाही जात? शेषरावले वांगं चालत नाही. अंगाले खाज सुटते त्याच्या.”

“अवो बाई, तो ठेल्यावर उभा आहे, मले दिसून राहिला ना!”

“मले नाही ना दिसून राहिला.”

शेषराव चहा टाकून पळत आला, तोवर एका अख्ख्या वस्तीचे पंखे बंद होते. बबनराव संध्याकाळी उपकेंद्रात येऊन ओरडले. बाईही ओरडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं काही झालंच नाही असे कामाला लागले. हे मला फार दिवस समजत नव्हतं. ज्या माणसांचं रोज भांडण होतं त्यांची टोळी सगळ्या विभागात सगळ्यात नीट काम कशी करते?

बाईंच्या या आवाजाच्या नियमासाठी लोकांनी आपापली कारणं शोधली होती. कोणी म्हणे, बाईंचा नवरा लाइनमन होता, खांबावरच गेला, म्हणून त्यांना धसका बसला आहे. हे बाईंच्या कानावर आलं तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, “माझा नवरा जिता आहे. उमरेडले शिलाई मशीनवर बसला आहे. ब्लाउज शिवायचे असतील तर पत्ता देते.”

कारण साधं होतं, आणि एकदा विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलंही. त्या उमरेडच्या कोष्ट्यांच्या घरच्या. लहानपणी गल्लीत सुताचा लांबच लांब ताणा बांधून त्याला खळ लावायचं काम त्यांनी केलेलं. घरातली, शेजारची माणसं ताण्याच्या दोन्ही अंगांना उभी असत. ताणा ओढायच्या आधी वडील प्रत्येकाला नावानं विचारत. बाजूचा ‘हो, तोही तयार आहे’ म्हणाला तर चालत नसे. ज्याचं त्यानं म्हणायचं. “एकाच्या वतीनं दुसऱ्यानं हो म्हटलं का सूत तुटलंच समजा,” बाई म्हणाल्या. “इथं तर सूत नाही.”

एकदा वरून फर्मान आलं, सगळ्यांना सांघिक कामाचं प्रशिक्षण द्या. पुण्याहून एक हसतमुख गृहस्थ आले. त्यांनी आम्हाला गोल उभं केलं. एकानं डोळे मिटून मागे पडायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं, असा खेळ. त्यातून एकमेकांवरचा विश्वास वाढतो म्हणे. लाइनमन मजेत धपाधप पडत होते. बाईंची पाळी आली.

“मले झेलायचं काम नाही,” त्या म्हणाल्या. “मी पडत नाही.”

“ताई, तुमचा तुमच्या सहकाऱ्यांवर विश्वास नाही का?”

“नाही ना. म्हणून तर एकेकाले विचारते.”

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं बबनराव हसले. पण मला त्याच वेळी शेषरावची एक गोष्ट आठवली. पूर्वी एकदा त्यानं फोन हातात घेतल्यावर नाव सांगितलं, डबा सांगितला आणि मग थांबून म्हणाला, “बाई, एक सांगू का? माझं अर्थिंग काढायचं राहून गेलं वाटते. रागावू नका.” म्हणजे कामाच्या आधी सुरक्षेसाठी तारेला लावलेली साखळी तो तशीच विसरला होता. तशात पुरवठा सुरू केला असता तर लाइन तिथेच उडाली असती. दुसऱ्या कोणा ऑपरेटरला त्यानं हे सांगितलं नसतं. त्यानं गुपचूप परत जाऊन साखळी काढली असती आणि मधल्या वेळात काहीही झालं असतं. बाई म्हणाल्या, “रागावते ना, पण उद्या. आज जा, काढून ये.” दुसऱ्या दिवशी त्या खरोखर रागावल्या. त्यानंतर टोळीतला प्रत्येक माणूस आपली चूक बाईंना आधी सांगू लागला. बाईंच्या शिव्या खायला कोणी लाजत नसे, आणि आपली चूक दुसऱ्याच्या तोंडून त्यांच्यापर्यंत जावी असंही कोणाला वाटत नसे.

आता तो दिवस.

नवतपा चालू होता, मे अखेरचे ते नऊ आगीचे दिवस. ज्यांनी नागपूरचा नवतपा काढला आहे त्यांना जास्त सांगायला नको. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. अशा वेळी आमच्या भागातली एक लाइन बिघडली आणि बबनरावांची टोळी दुरुस्तीला गेली. तासावर तास गेले. लोकांचे कूलर बंद, मुलं रडतात, म्हातारी माणसं ओसरीवर पाण्याच्या पट्ट्या घेऊन पडलेली. उपकेंद्राच्या फाटकाशी जमाव आला. कोणीतरी दगड टाकला, तो पत्र्यावर वाजला. मी ऑफिसातून धावत उपकेंद्रात आलो. माझा फोन सारखा वाजत होता. वरचे साहेब म्हणत होते, “अजून किती वेळ? मला वर उत्तर द्यायचं आहे.”

तेवढ्यात बबनरावांचा फोन आला. काम झालं, माणसं उतरली.

बाई म्हणाल्या, “आवाज.”

एक आवाज आला, दुसरा आला, बबनरावांचा स्वतःचा आला. शेषरावचा येईना.

“तो पाणी प्यायले गेला असंल बाई. येऊनच राहिला. आला का देतो फोन.”

“द्या,” बाई म्हणाल्या आणि फोन कानालाच लावून उभ्या राहिल्या.

बाहेर आणखी एक दगड पडला. माझा फोन पुन्हा वाजला. मी म्हणालो, “बाई, चालू करा.”

“आवाज नाही आला, साहेब.”

“माणसं उतरली म्हणून त्यानं सांगितलं ना? बबनराव तुम्हाला खोटं सांगेल का?”

“खोटं नाही सांगत. पण शेषराव त्याले दिसून नाही राहिला.”

“बाई, मी तुम्हाला आदेश देतो आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. मी काय म्हणतो आहे ते मला तरी कळलं आहे का, एवढंच जणू त्या पाहत होत्या. मग त्या पॅनेलपासून दोन पावलं बाजूला झाल्या.

“मी नाही करत,” त्या म्हणाल्या. “थांबा साहेब. थोडं थांबा.”

मी पुढे झालो आणि मूठ फिरवली.

ब्रेकर बसला, लाइन सुरू झाली आणि त्याच क्षणी तो दणका देऊन पडला, पुरवठा तुटला. पॅनेलवरचा काटा उसळून खाली आला. बाईंच्या हातातल्या फोनमधून बबनरावांचा आवाज मला उभ्या जागी ऐकू आला. ते एकच नाव ओरडत होते.

शेषराव पाणी प्यायला गेलाच नव्हता. खाली उतरल्यावर त्याला पुढच्या खांबावरचा एक जोड ढिला दिसला. आपल्या मागे पुन्हा लाइन बिघडायला नको म्हणून, कोणाला न सांगता, तो कसायला चढला होता. बाई आवाज घेतल्याशिवाय लाइन सोडत नाहीत, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याच भरवशावर तो चढला होता.

तो वाचला. उजवा हात खांद्यापासून काढावा लागला.

चौकशी झाली. पॅनेल ऑपरेटरनंच चालवायचं, असा नियम. खोलीत आम्ही दोघंच होतो. चौकशी अधिकाऱ्यानं मला विचारलं, “स्विच कोणी फिरवला?”

मी म्हणालो, “हेडाऊबाईंनी.”

त्या एका उत्तरासाठी मी आधीच्या रात्री बरीच तयारी केली होती. माझी बढती तोंडावर होती, घराचं कर्ज होतं, मुलगी कॉलेजात जाणार होती. कारणं खरी होती. तेवढीच खरी कारणं बाईंच्याही घरी होती, आणि तेही मला माहीत होतं.

बाईंनी सांगितलं, “साहेबांनी फिरवला.” अधिकारी हसून म्हणाले, “साहेब कशाला हात लावतील?” मग बबनरावांना बोलावलं. बबनरावांनी जे त्यांना माहीत होतं ते सांगितलं: फोन चालू होता, पण तो हातात धरून ते शेषरावला शोधत होते, शेषरावचा आवाज अजून दिलेला नव्हता आणि तरी लाइन आली. शेवटी ते बाईंकडे वळून म्हणाले, “आम्हाले इतकी वर्षं थांबवलं तुम्ही, बाई. एका दिवशी तुम्ही काहून नाही थांबल्या?”

मी बाईंकडे पाहिलं. निलंबन, बदली, थांबलेली पगारवाढ हे सगळं नंतर आलं, आणि ते त्यांनी तोंडातून शब्द न काढता सोसलं. त्या दिवशी बबनरावांना त्यांनी ‘साहेबांनी फिरवला’ हे पुन्हा सांगितलं नाही; ज्यानं फिरवला त्यानंच ते म्हणायचं होतं. पदर सारखा केला आणि बाहेर गेल्या. मी खोटं बोललो त्याचं त्यांना फार वाटलं नसावं. साहेब लोकांकडून त्यांची तेवढी अपेक्षा नव्हतीच. बबनरावांना आणि शेषरावला आपण थांबलो नाही असं वाटतं, हे त्यांना लागलं.

त्यांची बदली गडचिरोलीकडे झाली. त्या तिथूनच निवृत्त झाल्या. मला बढती मिळाली.

त्यांच्या जागी आलेल्या ऑपरेटरनं आवाजाची पद्धत ठेवली नाही, आणि टोळीनंही ती मागितली नाही. जिनं घालून दिली तिनंच मोडली, मग कशाला? हळूहळू लाइनमन आपापसांत कमी बोलू लागले. चूक झाली तर ती लपायला लागली. भांडणंही बंद झाली. वरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, आता इथे कसं शांत आहे. मला ती शांतता फार भीतिदायक वाटे.

हे सगळं मी असंच सोबत घेऊन गेलो असतो. पण मागच्या हिवाळ्यात एका प्रशिक्षण वर्गात नव्या अभियंत्यांपुढे बोलायला मला बोलावलं. विषय होता, चांगली टोळी कशानं चालते. आणि मी, म्हाताऱ्या माणसाच्या निर्लज्जपणानं, आवाजाची पद्धत सांगितली. डब्यासकट सांगितली. पोरं हसली, टाळ्या वाजल्या. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

“सर, ही पद्धत कोणी सुरू केली?”

“आमच्या विभागात होती,” मी म्हणालो.

“मग एवढी चांगली होती तर बंद काहून झाली?”

मी वेळ संपली असं काहीतरी पुटपुटलो आणि खाली बसलो.

पुढच्या आठवड्यात मी उमरेडला गेलो. बाईंचं घर शोधायला कष्ट पडले नाहीत. शिलाई मशीनवाल्या हेडाऊंचं घर म्हटलं की पोरंही दाखवतात. बाई अंगणात गहू पाखडत होत्या. केस पूर्ण पांढरे झाले होते, हात तसेच चपळ. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

“कोण, साहेब?” त्या म्हणाल्या. सूप खाली ठेवलं नाही.

मी उभ्या उभ्याच सगळं बोललो. कंपनीला लिहून दिलं आहे हेही सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि गव्हातले खडे वेचून बाजूला टाकत होत्या. माझं बोलणं संपल्यावर म्हणाल्या, “मले काहून सांगता? मी तिथंच होती ना. मले माहीतच आहे.”

त्यांनी आणखी एक खडा वेचून टाकला.

“शेषरावले सांगा,” त्या म्हणाल्या. “बबनरावले सांगा.”

“बबनराव तर गेले, बाई. मागच्या उन्हाळ्यात.”

सूप थांबलं. त्यांना कोणी कळवलं नव्हतं. कळवणार तरी कोण होतं?

“तसाच गेला गा तो,” त्या हळूच म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “मी नाही थांबली असं समजूनच गेला.”

मी नागपूरची बस धरली.

शेषराव नागपूरलाच असतो, दिघोरीच्या पुढे. अपघातानंतर कंपनीनं त्याला ऑफिसात शिपायाचं काम दिलं होतं. आता तोही निवृत्त आहे. मी गेलो तेव्हा तो डाव्या हातानं अंगणातली झाडं शिंपत होता. त्यानं आदरानं खुर्ची दिली. मी बसलो नाही. सांगितलं. तो मला मारेल असं वाटलं होतं, आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यानं पाण्याचा पाइप खाली टाकला. पाणी त्याच्या पायावरून वाहत राहिलं.

“म्हणजे बाई थांबल्या होत्या?”

“हो.”

“माझ्यासाठी थांबल्या होत्या?”

“हो, शेषराव. मी फिरवला.”

माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. “त्यांच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका आली होती मले,” तो म्हणाला. “बायको म्हणे जाऊ. मी नाही गेलो. मी म्हटलं, कोन्त्या तोंडानं बोलावते ही बाई?” मग तो घरात गेला. बाहेर आला तेव्हा धुतलेला शर्ट घातला होता, रिकामी बाही खिशात खोचलेली. “चला साहेब. उमरेडची बस आता भेटते.”

बसमध्ये तो माझ्याशेजारी बसला नाही. जागा होती तरी पुढे जाऊन उभा राहिला. आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. बाई फाटकाशी आल्या. शेषराव वाकायला लागला, तर त्यांनी त्याचा दंड धरून त्याला मध्येच थांबवलं.

“म्हातारा झाला तू,” त्या म्हणाल्या.

शेषराव डाव्या हातानं डोळे पुसत राहिला आणि बाई त्याच्याकडे पाहत राहिल्या.

“रडतो काय बे, एवढा मोठा माणूस. ये, आत ये. त्याईले सांगते, खुर्ची काढा म्हणून.” त्यांनी वळून नवऱ्याला हाक मारली. आतली शिलाई मशीन थांबली.

मी फाटकाच्या बाहेर उभा होतो. आत या असं कोणी म्हणालं नाही, आणि म्हणायला हवं होतं असं मला वाटलं नाही. शेषराव आत गेल्यावर बाई परत फाटकापाशी आल्या. मला वाटलं, त्या आता काहीतरी बोलतील. एवढी वर्षं मी त्या बोलण्याचीच वाट पाहत होतो.

“तुमची बस चौकात भेटंल,” त्या म्हणाल्या. “अंधार पडायच्या आत जा.” मग कडी हातात घेऊन म्हणाल्या, “फाटक लावून घेते हां, साहेब. गाई शिरतात.”